पंचाची खुर्ची सोडताना

आमचं गाव तासगाव तालुक्यात. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळं गावातली निम्मी भावकी माझ्या हाताखालनं गेलेली. तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली तेव्हा समितीतही होते. भांडण सोडवायला आणि शिकायचं काय असतं, या तोऱ्यातच सांगलीला गावातले वाद मिटवणाऱ्या मध्यस्थांच्या प्रशिक्षणाला गेले.

पहिल्याच दुपारी तोरा उतरला. सरावाला दोघं चुलतभाऊ झाले. विहीर सामाईक, भांडण मोटारीच्या पाळीवरनं. मी मध्यस्थ. चार मिनिटांत मी वाटणी करून मोकळी : तीन दिवस याचे, तीन दिवस त्याचे, रविवारी विहिरीला सुट्टी. सगळे हसले. धाकटा झालेला गडी म्हणाला, "बाई, एक आठवडा लाइट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री पिकाला पाणी पाजायला, दारं मोडायला मीच का जायचं?" मूळ भांडण तेच होतं आणि मी ते विचारलंच नव्हतं.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना सांगते, गावात ज्याच्या शब्दाला वजन असतं त्यालाच हे काम जड जातं. पंच निकाल देतो. मध्यस्थानं विचारायचं, ऐकायचं, ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत परत मांडायचं. तोडगा त्यांना सुचेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसायला मला सगळ्यात वेळ लागला.

कायद्याची पदवी लागत नाही, पण थोडा कायदा माहीत हवा. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे : परिसराची शांतता बिघडेल असा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती, आणि तीन मध्यस्थ. यातल्या समझोत्याची मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता येत नाही. हे पहिल्या बैठकीतच सांगून टाका, नाहीतर पुढं "बाईंनी फसवलं" होतं. पक्कं कागदावर हवं असेल तर लोकअदालत आहे; तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. चौकशी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं करा.

न्यायालयाच्या यादीवरच्या मध्यस्थांना चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं. आम्हाला गावात जे अडतं ते कुठल्याच तासात पुरं मावत नाही. बैठक कुणाच्या ओट्यावर घ्यायची? मी शाळेची खोली मागून घेते. एकाच्या घरी चहा घेतला की दुसऱ्याच्या लेखी तुम्ही त्याच्या पार्टीचे. बांध कोरल्याच्या एका वादात मी चहा घेतला होता. पुढची बैठक झालीच नाही.

आणि गुपित. एकेकाशी स्वतंत्र बोलताना जे कळतं, ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नसतं. घरीसुद्धा नाही. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "बाई, काल काय म्हणत होता ओ तो?"

मी विचारते, "तुझी फॅट किती लागली आज?"