जखमेवर मध लावायचा तर असा लावा

"सिस्टर, मामांना शुगर आहे, मग जखमेवर मध कसा चालेल?" ड्रेसिंग रूममध्ये हे मला सारखं विचारतात. लहान जखमेवर लावलेल्या मधाने रक्तातली साखर सहसा वाढत नाही. नुकसान करते ती रक्तात वाढलेली साखर. तिच्यामुळे पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, आणि कडेची नवी कातडी पुढे सरकायला वेळ लावते. म्हणून आधी शुगर आटोक्यात आणा, मध त्यानंतर.

मध मेडिकलमधून जखमेसाठीचाच घ्या. तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातल्या बाटलीत जंतूंची बीजं असू शकतात. हळद, कॉफी पावडर तर अजिबात नको. ती धुऊन काढताना पेशंट कळवळतो आणि खालची जखम दिसतही नाही.

हात साबणाने धुवा. सलाईनने जखम धुऊन भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. मध जखमेत ओतू नका, गॉजवर पसरा आणि गॉज कडेपर्यंत बसवा. वर जाड पॅड, मग सैलसर बँडेज. मध आंबट असल्याने काही मिनिटं चुरचुरतं, ते पेशंटला आधीच सांगून ठेवा.

पहिल्या एक-दोन दिवसांत पॅड जास्त भिजतो आणि घरचे घाबरतात. घाबरू नका. दाट साखर खालचं पाणी वर ओढते, त्यात मेलेला भाग सैल होतो आणि जंतूंना पाणी उरत नाही. मध पातळ झाला की त्यातलं एन्झाइम थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जंतू मारणारं रसायन, बनवतं. पॅड भिजला की बदला.

"खपली धरू दे" हा हट्टही सोडा. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या, सुक्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. खपलीखाली नव्या पेशींना वाट शोधत जावं लागतं. तळाशी लालभडक, ओलसर दाणे दिसले की जखम भरतेय असं समजा. ते पुसून काढू नका.

मधमाशीची ॲलर्जी असेल तर मध वापरू नका. शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम कितीही लहान असो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी काहीच लावू नका. लाली पसरली, दुर्गंधी आली, ताप आला किंवा कड काळी पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.