मुलाला जुलाब झाले की लगेच अँटिबायोटिक? या चुका टाळा

खेड्यात लहान मुलाला दोन-चार पातळ शी झाल्या की घरातलं कुणीतरी मेडिकलवर जातं, 'पोराला जुलाब लागलेत' एवढंच सांगतं आणि सिरपची बाटली घेऊन येतं. त्यात बऱ्याचदा ऑफ्लोक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल ही जोडगोळी असते. तीन-चार दिवसांत जुलाब थांबतात आणि श्रेय बाटलीला जातं. वास्तविक ते तसेही थांबणारच होते. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक विषाणूचं काहीही वाकडं करू शकत नाही.

मग ते औषध पोटात जाऊन करतं काय? आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी जंतूंना मारतं. ई. कोलाय हा त्यातलाच एक. जे जंतू औषधाला दाद देत नाहीत ते उरतात, वाढतात, आणि आपली प्रतिकाराची जनुकं शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूंनाही देऊन टाकतात. मूल खेळतं-बागडतं असतं, त्याला काहीच होत नाही. पण पुढे त्याच ई. कोलायने लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग केला की नेहमीचं औषध लागू पडत नाही. मध्य प्रदेशात उज्जैनजवळच्या खेड्यांमध्ये संशोधकांनी लहान मुलांची शी, जनावरांचं शेण आणि पाणी असं तिन्ही तपासलं, तेव्हा प्रतिरोधक जंतू या तिन्ही ठिकाणी सापडले. म्हणून मला वाटतं, हा प्रश्न एकट्या डॉक्टरचा किंवा एकट्या आईचा नाही, अख्ख्या वस्तीचा आहे.

ओआरएस अंदाजाने बनवणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अर्धं पाकीट पेल्यात ओतलं, ढवळलं, पाजलं, असं घरोघरी चालतं. पाणी कमी पडलं की द्रावण खारट होतं, मूल तोंड फिरवतं, जुलाब वाढूही शकतात. मग 'ओआरएसने फरक पडत नाही' असं ठरतं आणि पाय पुन्हा मेडिकलकडे वळतात. पाकिटावर वाचा: मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं असेल तर पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, पूर्ण पाकीट एकाच वेळी टाका. २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्या. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. दुकानातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते बरंच झालं.

अशाच द्रावणावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे हजारो रुग्ण जगवले. साध्या जुलाबाला ते कमी पडेल असं समजू नका.

झिंक मध्येच बंद करणं

जुलाबात ओआरएससोबत झिंकची गोळीही देतात. जुलाब थांबले तरी ती १४ दिवस द्यायची असते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. आशाताईंकडे मिळते. अंगावरचं दूध, पेज, मऊ भात चालूच ठेवा.

उरलेली बाटली धाकट्याला देणं

अमॉक्सिसिलिनसारखं कोरड्या पावडरचं सिरप एकदा पाण्यात कालवलं की साधारण आठवडाभरच टिकतं. पुढे त्याचा जोर कमी होत जातो. ते महिन्याभराने धाकट्या भावंडाला दिलं तर आजार हटत नाही, पोटातल्या जंतूंना मात्र औषधाची सवय होते. डोस वजनावर ठरतो, घरातल्या चमच्यावर नाही. बाटलीसोबतचं माप वापरा, पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच भरा.

लहान बाळाची शी उकिरड्यावर टाकणं

'लेकराची शी, तिने काय होतंय' हा समज फार घट्ट आहे. शेणाने सारवलेलं अंगण, कोंबड्या, उघडी शी आणि तिथेच रांगणारं मूल, हे जंतूंच्या फिरण्याचं चाक आहे. शी संडासात टाका आणि हात साबणाने धुवा. अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू उकळत्या पाण्यात मात्र इतरांसारखाच मरतो. म्हणून प्यायचं पाणी उकळणं किंवा त्यात मेडिक्लोर (पाणी शुद्ध करणारं क्लोरीनचं औषध) टाकणं वाया जात नाही.

गोठ्याकडेही लक्ष हवं. गायीला दगडी (कासेची सूज) झाली की कासेत औषध सोडतात. त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरातही वापरू नका. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध, तेही कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली.

अँटिबायोटिकलाच घाबरून बसणं

ही उलट्या टोकाची चूक, आणि ती जीवावर बेतते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या महिलांना शिकवून नवजात बाळांच्या जंतुदोषावर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, घरच्या घरी मिळालेल्या अशा एकूण देखभालीमुळे, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. अशी औषधं उद्याही चालावीत, म्हणूनच आज अँटिबायोटिक साध्या जुलाबावर उधळायचं नाही.

पुढचं काही दिसलं तर घरी थांबू नका: शीत रक्त, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाणं, मूल मलूल होऊन पिणं सोडणं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. श्वासही मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची.

धडधाकट मुलाच्या पोटातले जंतू 'काढायला' औषध मागणं

असं औषध नाही, आणि नव्या अँटिबायोटिकने गोष्ट आणखी बिघडते. अँटिबायोटिकचा मारा थांबला की प्रतिरोधक जंतूंचं प्रमाण बहुधा हळूहळू घटतं. कारण न कळणारा ताप आला, विशेषतः लहान मुलींना, तर पहिल्या डोसाआधी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते पाहणारी तपासणी) करून घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. आणि गेल्या तीन महिन्यांतल्या औषधांच्या चिठ्ठ्या लसीकरणाच्या कार्डातच ठेवा. कोणतं औषध आधी देऊन झालंय हे डॉक्टरांना दिसलं, तर ते दुसरं औषध अंदाजाने निवडणार नाहीत.