हळदीच्या पेढीचा बॅकअप असा सुधरवला

सांगली मार्केट यार्डातल्या एका पेढीवर प्रॉक्समॉक्सवर (एकाच कॉम्प्युटरवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल सर्व्हर चालतात, बॅकअप रोज ओके दाखवायचा पण टेस्ट रिस्टोर केला, म्हणजे बॅकअप परत उतरवून बघितला, की डेटाबेस अडकायचा. बघितलं तर व्हर्च्युअल मशीनच्या आत गेस्ट एजंट, म्हणजे प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्राम, नव्हताच, म्हणजे बॅकअप सुरू होताना फाइलसिस्टिम फ्रीझ होत नव्हती (डिस्कवरचं लिहिणं क्षणभर थांबत नव्हतं) आणि अर्धवट लिहिलेला डेटा तसाच उचलला जायचा. एजंट टाकला, प्रॉक्समॉक्सच्या ऑप्शनमध्येपण चालू केला, मशीन पूर्ण बंद करून सुरू केली (आतून नुसतं रिस्टार्ट करून भागत नाही), आता रिस्टोर स्वच्छ येतो. सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरच घेतलं, ओपन सोर्स आहे, डिस्कचे बदललेले ब्लॉकच (तुकडेच) पाठवतं. दुसरी कॉपी नदीपासून लांब जतच्या शाखेत सिंक होते, २०१९ चा कृष्णेचा पूर बघितलेल्याला कारण विचारायची गरज नाही. आणि रिस्टोर टेस्ट वेगळ्या नेटवर्कवरच करा, नाहीतर चालू मशीन आणि तिची रिस्टोर केलेली कॉपी यांचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) एकमेकांना भिडतात.