कर्जाची तडजोड करताय? आधी या चुका टाळा

वसुली खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. पिशवीत नोटिसा असतात, क्रेडिट कार्डाची न फोडलेली पाकिटं असतात आणि बऱ्याचदा एखादी अशी पावती असते की ती बघून कपाळावर हात मारावा. पैसे गेलेले, कर्ज जागच्या जागी. माणसं वेगवेगळी, पण चुका इतक्या ठरलेल्या असतात की समोरचा बोलायला लागला की पुढचं वाक्य मला आधीच कळतं.

तडजोड म्हणजे बँकेच्या एकूण येण्यापेक्षा, म्हणजे थकबाकीपेक्षा, कमी रक्कम ठरवून भरायची आणि उरलेलं बँकेने सोडून द्यायचं. बँकवाले याला ओटीएस, म्हणजे वन टाइम सेटलमेंट, म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात त्याची चौकट घालून दिली आहे आणि बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या अशा सगळ्यांना संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण ठेवावं लागतं. म्हणजे यात लपवण्यासारखं काही नाही. पण तो कर्जदाराचा हक्कही नाही. बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ते स्पष्टच सांगितलं. तडजोड मागता येते, लादता येत नाही.

रील बघून हप्ते थांबवणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. कुठल्यातरी व्हिडिओत कुणीतरी सांगतो, "हप्ता बंद करा, ९० दिवसांत खातं एनपीए होईल, मग बँक स्वतः तीस टक्क्यांत मिटवायला येईल." यातलं ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरतात तेवढं खरं. बाकी सगळं त्याच्या सोयीचं.

बँक तडजोडीला बसते तेव्हा पहिलं बघते की या माणसाकडून पूर्ण वसुली होऊ शकते का. दर महिन्याला पगार जमा होतोय, नावावर फ्लॅट आहे, गाडी आहे, आणि हप्ता मात्र नाही, अशा माणसाला कोण सवलत देईल? नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, धंदा बसला, घरातला कमावता माणूस गेला, अशांसाठी ही सोय आहे. आणि त्यांनाही ते कागदाने दाखवावं लागतं. कामावरून कमी केल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, सहा महिन्यांचं खातेपुस्तक. तोंडी रडगाणं फाइलला लावता येत नाही.

मधल्या काळात काय होतं ते व्हिडिओत नसतं. हप्ता परत गेला की दर वेळी दंड लागतो. चेक परत गेला तर चेक न वटल्याच्या खटल्याचं कलम १३८ आहेच, पण खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली तसाच फौजदारी खटला होऊ शकतो, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आपला माणूस नोटीस घेतच नाही, पोस्टमनला "घरी कोणी नाही" सांगतो आणि वाटतं की टळली.

हप्ता झेपत नसेल तर थांबवण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळेल का विचारा. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन चकरा होतात, आणि नेमक्या त्याच कंटाळ्याचे पैसे कर्ज मिटवून देतो म्हणणारे 'कर्जमुक्ती' वाले घेतात. त्यांची फी आधी द्यायची, फोन त्यांच्या 'लीगल टीम'कडे वळवायचे, ते बँकेला एक छापील नोटीस पाठवणार आणि मग महिनोन्महिने शांतता. जे अर्ज ते करतात ते तुम्ही स्वतः करू शकता. वकील लागलाच तर गावातला धरा, ज्याच्या ऑफिसात जाऊन बसता येतं.

पत्र न वाचता पैसे भरणं

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकांची गोष्ट सांगतो. खासगी शाळा बंद पडली, पगार थांबला, एका बँकेचं वैयक्तिक कर्ज थकलं. येणं होतं ४ लाख ८० हजारांच्या आसपास. बोलणी होऊन २ लाख १० हजारांवर तडजोड ठरली, ७० हजारांचे तीन हप्ते. पत्र आलं, सरांनी रक्कम बघितली, आनंदाने घडी घालून कपाटात ठेवलं. पहिले दोन हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्याची तारीख २५ होती, आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे खात्यात आले २७ ला. सरांनी वसुलीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दोन दिवसांनी काही होत नाही सर, भरून टाका." सरांनी भरले. बँकेने घेतलेही.

काही महिन्यांनी नोटीस आली की मूळ येण्यातून २ लाख १० हजार वजा जाता उरलेली रक्कम व्याजासह भरा. सर पत्र घेऊन माझ्याकडे आले. पाचवं कलम होतं, बारीक अक्षरात पण स्वच्छ: ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम कर्जखात्यात जमा न झाल्यास तडजोड आपोआप रद्द होईल आणि भरलेली रक्कम मूळ येण्यापोटी वळती केली जाईल. फोनवर बोलणारा तो पोरगा एजन्सीचा होता, एव्हाना दुसरीकडे गेलेला. त्याच्या शब्दाचा कागद नव्हता, मेसेज नव्हता, काही नव्हतं. शेवटी लोक अदालतीत प्रकरण ठेवलं, तिथे बँकेचे अधिकारी जरा नरमले आणि आणखी काही रक्कम घेऊन मिटलं. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे निदान ते पक्कं झालं. पण २४ तारखेला शाखेत एक मेल टाकून मुदतवाढ मागितली असती, आणि ती लेखी आली असती, तर हे सगळं टळलं असतं.

त्यामुळे माझी सवय अशी आहे की पत्र आलं की पेन्सिल घेऊन बसायचं. बँकेचं लेटरहेड आणि अधिकाऱ्याची सही आहे का, कर्जखात्याचा नंबर बरोबर आहे का, एकूण येणं आणि तडजोडीची रक्कम दोन्ही लिहिली आहेत का, पैसे कुठल्या खात्यात भरायचे, कोर्टात केस असेल तर ती कोण आणि कधी मागे घेणार, नो ड्यूज, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला, किती दिवसांत मिळणार. यातलं काही नसेल तर पत्र परत पाठवायचं. मग शाखेत नेऊन किंवा बँकेच्या अधिकृत मेलवर विचारून पत्र खरं आहे याची खात्री करायची. पैसे फक्त कर्जखात्यात. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, तो कितीही 'आजच्या आज ऑफर संपतेय' म्हणाला तरी. महिनाअखेरीला त्याला टार्गेट असतं, ऑफर पुढच्या महिन्यातही असते.

आणि तारीख लिहून घेताना पैसे खरोखर येणार असतील त्याच्या पुढची तारीख मागा. मुदत तीन महिन्यांच्या वर गेली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ती तडजोड न राहता कर्जाची पुनर्रचना धरली जाते, म्हणून बँका सहसा तीन महिन्यांत गुंडाळायला बघतात. त्यात बसत नसाल तर पैसे जमेपर्यंत सही करू नका.

आणखी एक. थकलेलं कर्ज बँक पुष्कळदा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकून टाकते. मग जुन्या बँकेशी केलेली बोलणी वाऱ्यावर जातात. आपलं कर्ज आज कुणाच्या नावावर आहे ते आधी लेखी विचारा.

जो जास्त ओरडतो त्याला आधी देणं

कार्डवाल्यांचे फोन दिवसाला दहा येतात, गृहकर्जवाला एक पत्र पाठवून गप्प बसतो. म्हणून माणूस बायकोचे दागिने मोडून कार्ड मिटवतो आणि इकडे घराचे तीन हप्ते थकतात. अहो, कार्डाला तारण नाही. घराला आहे! आधी एका कागदावर सगळी देणी लिहा: कुणाचं, किती, तारण काय, जामीनदार कोण, केस आहे का. घर आणि पोटापाण्याचं साधन ज्यावर टांगलंय ते वर, बाकी खाली. हा कागद न करता माझ्याकडे कुणी आलं तर मी चहा देतो आणि परत पाठवतो.

जामीनदाराला विसरणं

पतसंस्थेच्या कर्जात हे हमखास होतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे संस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला मिळवला की तो दोघांवर चालतो आणि नोकरदार जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. तडजोडीच्या पत्रात जामीनदारही मुक्त झाला असं नावानिशी लिहून घ्या. करार कायद्यात जामीनदाराला संरक्षण आहे, पण जामीनपत्रात ते सोडून दिल्याचं कलम बहुतेक वेळा छापलेलंच असतं. मेव्हण्याने सही केली होती, आता दोन्ही घरांत बोलणं नाही, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. पगाराचं खातं त्याच बँकेत ठेवणं: बँक त्यातून येणं वळतं करून घेऊ शकते, पगार दुसरीकडे वळवा. एक कर्ज मिटवायला ॲपवरून दुसरं काढणं: यावर काही बोलायची इच्छा नाही. जुन्या कर्जावर 'फक्त एक सही करा' किंवा 'पाचशे रुपये टोकन भरा' याला भुलणं: वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, ती संपण्याआधी दिलेली लेखी कबुली किंवा भरलेली रक्कम ती मुदत नव्याने सुरू करते. देणं बुडवा असं मी सांगत नाही, पण सही कशावर करतोय ते कळू द्या. बेकायदा सावकाराला बँकेच्या रांगेत बसवणं: त्याच्यासाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे.

वसुलीवाल्यांना घाबरून निर्णय घेणं हीसुद्धा चूकच. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला त्यांना मनाई आहे, नातेवाइकांना मेसेज करून बदनामी करायलाही. रेकॉर्डिंग ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे. मात्र लोकपाल छळाची दखल घेईल, तडजोड किती टक्क्यांत करावी हे बँकेला सांगणार नाही.

काही जण विचारतात, सरळ दिवाळखोरी जाहीर केली तर? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग आजवर कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरताच लागू झाला आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. बाकीच्यांना मुंबईत १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा कायदा. त्या १९२० च्या कायद्यात पाचशे रुपये देणं असलेलाही अर्ज करू शकतो, यावरून त्याचं वय कळावं. त्यात सगळ्या धनकोंशी, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी, एकत्र तडजोडीची तरतूद आहे, संख्येने निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश धनको राजी हवेत. पण कोर्टाची वाट लांबची आहे, आणि चार कार्डं थकलेल्या माणसाला मी तरी आधी चार बँकांचे उंबरे झिजवायला सांगेन.

पैसे भरले की संपलं, असं समजणं

संपलेलं नसतं. नो ड्यूज हातात घ्या, मेलवर येईल म्हणून घरी जाऊ नका. घर किंवा जमीन तारण असेल तर कर्ज फिटल्यापासून किंवा तडजोड पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकेला बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. दिलेले कोरे चेकही परत मागा.

दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. खात्यापुढे 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलेलं) लिहून येईल, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) नाही, आणि ती नोंद वर्षानुवर्षं राहते. ते पुसून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पुढे हात सैल झाला तर सोडलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून द्याल का, असं बँकेला विचारता येतं. येणं अजूनही पूर्ण दिसत असेल तर ती मात्र चूक आहे, लगेच तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तडजोड केलेली बँक तुम्हाला निदान १२ महिने नवं कर्ज देणार नाही, बाकीच्या आपापलं बघतील. तेवढ्या काळात मिळतंय का बघू म्हणून चार ठिकाणी अर्ज टाकू नका, त्या प्रत्येक चौकशीची नोंद त्याच रिपोर्टात होते.