जीसीसी आणि क्लँग: कर्नलचा एकच कोड दोन्हींवर कसा चालवायचा

सोलापुरातल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला छोटं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा तुकडा) लिहायचं असतं. कोड जेमतेम वीस ओळींचा. तरी मेक (कोड बांधून देणारी कमांड) चालवलं की एरर येते: 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन', आणि पुढे '-एफट्रिव्हिअल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो'. मग तासभर त्या वीस ओळींत चूक शोधली जाते, आणि ती तिथे नसतेच. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर, म्हणजे सी कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम. उबुंटू २२.०४ चं नेहमीचं जीसीसी ११ व्या आवृत्तीचं. पण त्याच मशीनवर अपडेटमधून आलेला ६.५ किंवा ६.८ कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला असतो, आणि हा पर्याय जीसीसीत आलाच १२ व्या आवृत्तीत. मॉड्यूल बांधताना कर्नलचे सगळे पर्याय तसेच्या तसे लागू होतात, म्हणून जुना कंपायलर तिथेच अडतो.

आधी 'कॅट /प्रॉक/व्हर्जन' चालवा. चालू कर्नल कोणत्या कंपायलरने बांधला ते त्या एका ओळीत दिसतं. मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२' करा आणि मॉड्यूल 'मेक सीसी=जीसीसी-१२' असं बांधा. कर्नल क्लँगने बांधलेला असेल तर 'मेक एलएलव्हीएम=१' द्या; एलएलव्हीएम म्हणजे क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रकल्प. (इथे कमांड आणि नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायची.) मेकफाइलमधून तो पर्याय खोडून टाकण्याचा सल्लाही कुणीतरी देतं. तो ऐकू नका. एरर जाईल, पण मॉड्यूल आणि कर्नल वेगवेगळ्या गृहीतकांवर बांधले जातील.

पूर्ण कर्नल बांधायचा असेल तर कंपायलरची किमान आवृत्ती बघा. कर्नल ५.१५ पासून जीसीसी ५.१ लागत होतं, कर्नल ६.१६ पासून जीसीसी ८.१ लागतं. तुमच्या हातातल्या सोर्सला काय हवं ते 'स्क्रिप्ट्स/मिन-टूल-व्हर्जन.एसएच जीसीसी' सांगते.

दोन कंपायलरसाठी दोन वेगळे फोल्डर ठेवा: एकीकडे 'मेक ओ=../जी डेफकॉन्फिग', दुसरीकडे 'मेक एलएलव्हीएम=१ ओ=../सी डेफकॉन्फिग'. कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची नोंद) एकीकडून दुसरीकडे आंधळेपणाने कॉपी करू नका, कारण कंपायलर कोणता आणि त्याला काय काय जमतं हे त्या फाइलमध्येच नोंदलेलं असतं. एलएलव्हीएम=१ प्रत्येक वेळी द्यावं लागतं. एकदा विसरलात की कॉन्फिग परत जीसीसीप्रमाणे ठरतं आणि सगळं बिल्ड पहिल्यापासून सुरू होतं.

सगळ्याच एररना कंपायलरचा फरक जबाबदार नसतो. ८ जीबी रॅमच्या मशीनवर '-जे८' (एका वेळी आठ कामं) दिलं आणि 'किल्ड' असा शब्द आला, तर मेमरी संपली म्हणून समजा. '-जे४' करा, डीबग माहिती बंद ठेवा. 'इंटर्नल कंपायलर एरर' दर वेळी वेगळ्याच फाइलवर येत असेल, तर आधी रॅम आणि सीपीयूचं तापमान तपासा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या मशीनवर ही शंका पहिली घ्यावी. कंपायलरमध्येच बग असेल तर तो त्याच फाइलवर, त्याच ओळीला पुन्हा पुन्हा येतो. मध्येच लाइट गेली असेल तर शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइल उरू शकतात. मेकला त्या तयार वाटतात आणि लिंकिंगला भलतीच एरर येते. 'मेक क्लीन' करून पुन्हा बांधा.

आता खुद्द कोडकडे. 'हा कंपायलर कोणता' यापेक्षा 'याला ही गोष्ट जमते का' हा प्रश्न विचारा. कारण साधं आहे: क्लँग स्वतःची ओळख जीसीसी ४.२.१ अशी करून देतो. 'जीएनयूसी' हा दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेला मॅक्रो दोघांकडेही असतो. त्यामुळे 'जीएनयूसी ५ किंवा पुढचं' अशी अट घातलीत, तर अगदी नवा क्लँगसुद्धा जुना ठरून बाहेर पडतो. ॲट्रिब्यूट (फंक्शन किंवा व्हेरिएबलला जोडलेली कंपायलरसाठीची सूचना) आहे का हे 'हॅज ॲट्रिब्यूट' या मॅक्रोने तपासता येतं. कंपायलरचा पर्याय आहे का हे केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय ठरवणारी यंत्रणा) 'सीसी-ऑप्शन'ने.

केकॉन्फिगमध्ये आवृत्ती तपासावीच लागली तर आणखी एक खड्डा आहे. क्लँगने बांधताना 'जीसीसी_व्हर्जन'ची किंमत ० असते. म्हणजे 'जीसीसी_व्हर्जन < १२००००' ही अट क्लँगवर खरी ठरते आणि जुन्या जीसीसीसाठी लिहिलेली तडजोड नव्या क्लँगवर लागू होते. सोबत 'सीसी_इज_जीसीसी' ही अट जोडा. आकड्याची रीत अशी: जीसीसी ८.१.० म्हणजे ८०१००, क्लँग १३.०.१ म्हणजे १३०००१.

वॉर्निंग बंद करतानाही असाच घोळ होतो. '-डब्ल्यूनो-' ने सुरू होणारा अनोळखी पर्याय जीसीसी सहसा मुकाट्याने गिळतो, क्लँग मात्र तक्रार करतो. म्हणून जीसीसीवर असा पर्याय 'सीसी-ऑप्शन'ने तपासला तर बऱ्याच कर्नल आवृत्त्यांत उत्तर कायम 'आहे' येतं. यासाठी मेकफाइलमध्ये 'सीसी-डिसेबल-वॉर्निंग' आहे. ते 'नो' काढून मूळ वॉर्निंग तपासतं.

कंपायलरनुसार बदलणाऱ्या व्याख्यांची जागा ठरलेली आहे: 'कंपायलर-जीसीसी.एच' आणि 'कंपायलर-क्लँग.एच'. दोघांनाही चालणारी ॲट्रिब्यूट 'कंपायलर_ॲट्रिब्यूट्स.एच' मध्ये. ड्रायव्हरमध्ये पहिल्या दोन फाइल थेट इन्क्लूड केल्या तर त्या स्वतःच एरर देतात, 'कंपायलर.एच' घ्या. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये 'इफडेफ क्लँग' लिहायची वेळ आली तर थांबा आणि तो फरक या हेडरमध्ये नेता येतो का ते पाहा. बहुतेक वेळा येतो.

फंक्शनच्या आत फंक्शन आणि स्ट्रक्चरच्या मधोमध बदलत्या लांबीचा ॲरे ही जीसीसीची खास सोय. क्लँग दोन्ही नाकारतो. ॲरे स्ट्रक्चरच्या शेवटी लवचिक ॲरे म्हणून न्या आणि 'स्ट्रक्ट_साइझ' वापरून केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) जागा घ्या. स्विचमधली 'फॉल थ्रू' ही कॉमेंट जीसीसीला कळते, क्लँगला कळत नाही; कॉमेंटऐवजी 'फॉलथ्रू;' लिहा.

लिंकिंगला 'अनडिफाइन्ड' म्हणून असं नाव आलं जे तुम्ही कधी लिहिलंच नाही, तर तो कॉल कंपायलरने घातलेला आहे. २०१९ मध्ये क्लँगने मेमकंपची (मेमरीचे दोन तुकडे ताडणारं फंक्शन) 'बरोबर आहे का' एवढीच तुलना बीकंपमध्ये बदलायला सुरुवात केली, आणि कर्नलला स्वतःचं बीकंप लिहावं लागलं. २०२० मध्ये एसटीपीसीपीवाय या स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनचंही तसंच झालं. ३२ बिटच्या एक्स८६ वर 'यूडिव्हडीआय३' दिसलं तर ६४ बिटचा भागाकार कुठेतरी आहे; तिथे 'डिव्ह_यू६४' वापरा. कोडमध्ये भागाकाराचं चिन्हच सापडत नसेल तर वजाबाकीचे लूप बघा. कंपायलर त्यांचाही भागाकार करून टाकतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र वेगळ्याच ठिकाणी द्यायला हवा: एका कंपायलरवर चालतं, दुसऱ्यावर कोसळतं, आणि वॉर्निंग एकही नाही. अशा वेळी दोष बहुधा आपल्या कोडचा असतो, कारण जिथे सी भाषेचा नियम मोडला तिथे काय करायचं हे प्रत्येक कंपायलर आपापलं ठरवतो. २००९ मध्ये टन या आभासी नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल (कशाकडेच न दाखवणारा) आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने तर्क केला की वापरला म्हणजे नल नसणारच, आणि तपासणी काढून टाकली. त्यातून सुरक्षेचं भोक पडलं. त्यानंतर कर्नल '-एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स' लावून बांधला जाऊ लागला. तरी स्वतःच्या मेकफाइलमध्ये असे पर्याय वाढवत बसण्यापेक्षा तपासणी वापराच्या आधी आणणं हाच खरा उपाय. क्लँगच्या बिल्डमध्ये ऑब्जटूलने (बांधलेला कोड तपासणारं कर्नलचं साधन) 'फॉल्स थ्रू टू नेक्स्ट फंक्शन' असं सांगितलं, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. भाषेचा नियम मोडणारी वाट दिसली की क्लँग तिथे पुढचा कोडच काढत नाही, आणि अंमलबजावणी शेजारच्या फंक्शनमध्ये घुसते.

शोधायचं कसं? संशयित फाइलचं नाव घेऊन दोन्ही फोल्डरसाठी 'मेक ड्रायव्हर्स/नेट/टन.आय' चालवा. प्रीप्रोसेसिंगनंतरच फरक दिसला तर दोष मॅक्रोत किंवा कॉन्फिगमध्ये. तिथे सारखंच असेल तर शेवटी 'आय'ऐवजी 'एस' लावून असेंब्ली काढा आणि फक्त ते एक फंक्शन शेजारी शेजारी वाचा. तपासणी गायब आहे का, लूपमधलं मेमरीचं वाचन बाहेर गेलंय का, हे बघा. वाचन बाहेर गेलं असेल आणि ती किंमत दुसरीकडून बदलत असेल, तर 'रीड_वन्स' (किंमत खरोखर मेमरीतून वाचायला लावणारा मॅक्रो) हवं होतं.

कंपायलरचाच बग निघाला तर तडजोड लिहा, पण तिच्या डोक्यावर कोणत्या आवृत्तीत बग आहे, कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला आणि त्याच्या नोंदीचा पत्ता, एवढं लिहूनच. केकॉन्फिगच्या अटीतही तीच आवृत्ती घाला, म्हणजे किमान आवृत्ती तिच्या पुढे गेली की ती ओळ कुणालाही बिनधास्त काढता येईल.