नोकरीत प्रसूती रजा मंजूर, पण पीएच.डी.ची मुदत चालूच : माझा अनुभव

नोकरीच्या ठिकाणी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मंजूर झाली असूनही पीएच.डी.चा सहामाही प्रगती अहवाल मागणारी पत्रे येतच राहिली. मार्गदर्शकांशी तोंडी बोलून झाले, कार्यालयाचा रजा-आदेशही जोडून पाहिला; दोन्ही व्यर्थ, आणि आठव्या महिन्यात जिने चढण्याचा वैताग वेगळाच.

नोकरीतली रजा आणि पीएच.डी.ची रजा या दोन स्वतंत्र आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार विद्यार्थिनीला संपूर्ण संशोधनकाळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, मात्र ती विद्यापीठाकडे वेगळी मागावी लागते. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचे प्रमाणपत्र घेतले. मग विनियमाचा उल्लेख, रजेच्या नेमक्या तारखा आणि सहामाही प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीपुढील सादरीकरण पुढे ढकलण्याची विनंती एकाच अर्जात लिहिली. त्यावर मार्गदर्शकांची शिफारस व संशोधन केंद्राच्या प्रमुखांची सही घेऊन तो पीएच.डी. विभागात दिला आणि स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेतला. लेखी आदेश आल्यावर पत्रे थांबली.

महिलांना पीएच.डी. पूर्ण करण्याच्या कमाल मुदतीत मिळू शकणारी दोन वर्षांची सवलत याहून निराळी असल्याने ती याच अर्जात मागू नये.