पायथॉन: जेसन वाचताना पहिल्याच अक्षरावर एरर आली तर

वेबवरून माहिती मागवणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत रिस्पॉन्सवर (सर्व्हरच्या उत्तरावर) जेसन (JSON, डेटा लिहिण्याचा मजकुरी फॉरमॅट) वाचणारं जेसन() कॉल करताच ‘लाइन 1 कॉलम 1’ अशी एरर आली, तर दोष बहुधा पार्सरचा, म्हणजे जेसन वाचणाऱ्या कोडचा, नसतो. सर्व्हरने जेसन पाठवलेलंच नसतं. आधी स्टेटस कोड (रिक्वेस्टचं काय झालं ते सांगणारा आकडा), कंटेंट-टाइप हेडर (मजकुराचा प्रकार) आणि टेक्स्टची पहिली 200 अक्षरं प्रिंट करा. कोड 204 असेल तर बॉडी, म्हणजे उत्तराचा मजकूर, रिकामीच असते. 200 (यशस्वी) असूनही एचटीएमएल दिसलं, तर रिस्पॉन्सची हिस्टरी (वाटेत आलेली आधीची उत्तरं) जरूर बघा. अनेकदा 302 ने (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या कोडने) परस्पर लॉगिनच्या पानावर नेलेलं असतं, आणि त्या वळणावर पोस्टची (डेटा पाठवणाऱ्या रिक्वेस्टची) गेट (फक्त मागणारी) रिक्वेस्ट होऊन पाठवलेला डेटाही गळतो. हे सहज नजरेतून सुटतं. 400 (चुकीची रिक्वेस्ट) किंवा 415 (न चालणारा फॉरमॅट) आल्यास पाठवायची डिक्शनरी ‘डेटा’ऐवजी ‘जेसन’ पॅरामीटरमधून देऊन बघा; ‘डेटा’तून ती फॉर्मसारखी एन्कोड होते. टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) प्रत्येक वेळी स्वतः लिहा, लायब्ररी आपणहून लावत नाही.